पाण्याच्या वाटेतलं घर

आमच्या सासूबाईंचं माहेर धरणात गेलं. सातारा जिल्ह्यात असं सांगणाऱ्या बायका ठिकठिकाणी भेटतात. 'माहेर कुठलं?' विचारलं की गावाचं नाव सांगतात आणि त्याच दमात 'आता पाण्यात आहे' असं जोडून देतात. लग्न होऊन आले तेव्हा हे ऐकून मला कसंनुसं व्हायचं. पुढे बचत गटांच्या कामासाठी पुनर्वसित गावांत जाणं-येणं सुरू झालं आणि हे वाक्य इतक्या जणींच्या तोंडून ऐकलं, की कानांना त्याची सवयच होऊन गेली. कशाचीही सवय होते माणसाला!

त्या वाक्याची आठवण मला पुन्हा करून दिली ती थेट इंग्लंडमधल्या एका शेतकऱ्याच्या घरानं.

गेल्या उन्हाळ्यात मी लेकीकडे गेले होते. ती तिकडे साउदॅम्प्टनला शिकते. लंडनचा राजवाडा, घड्याळाचा मनोरा, नदीतली बोट असं सगळं रीतसर पाहून झालं. मग एक दिवस ती म्हणाली, "आई, तुला आवडेल अशी एक जागा आहे. पण तिथे नुसती जुनी घरं आहेत हं, नंतर मला बोलू नकोस." चिचेस्टर गावापासून सहा-सात मैलांवर सिंगलटन म्हणून खेडं आहे. डोंगरांच्या कुशीत हिरवंगार. तिथे 'वील्ड अँड डाउनलँड लिव्हिंग म्युझियम' आहे. म्युझियम म्हटल्यावर काचेची कपाटं आणि 'हात लावू नये'च्या पाट्या डोळ्यांसमोर येतात ना? इथे तसलं काही नाही. चाळीसेक एकरांत पन्नासहून जास्त घरं, गोठे, कोठारं नि कारागिरांच्या शाळा उभ्या आहेत. सगळं इतर ठिकाणांहून सोडवून आणलेलं आणि पुन्हा जोडलेलं. बीबीसीवर 'द रिपेअर शॉप' नावाची मालिका लागते. लोक आजीची मोडकी घड्याळं, आजोबांची फाटकी बाहुली दुरुस्त करायला घेऊन येतात ती. तिचं चित्रीकरणही इथल्याच एका कोठारात होतं. माझ्या लेकीला त्याचंच कौतुक जास्त.

घरं उचलून आणून दाखवायची ही कल्पना मूळची स्वीडनची. स्टॉकहोमला आर्थर हाझेलियस यांनी १८९१ मध्ये 'स्कान्सेन' उभारलं, ते अशा प्रकारचं पहिलं मोठं संग्रहालय. आपल्याकडे चेन्नईजवळ १९९६ मध्ये 'दक्षिणचित्र' सुरू झालं, तेही याच जातीचं. सिंगलटनच्या मागे रॉय आर्मस्ट्राँग नावाचे इतिहासाचे अभ्यासक होते. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या भागात नवी शहरं वसत होती आणि शेकडो वर्षांची लाकडी घरं भराभर पाडली जात होती. ते पाहून त्यांनी माणसं जमवली आणि १९७० साली संग्रहालय लोकांसाठी खुलं झालं.

आता त्या घराकडे येते. नाव 'बेलीफ'. इंग्रजीत बेलीफ म्हणजे तमालपत्र, त्यामुळे आम्हा दोघींना पाटी वाचून आधी हसूच आलं. लांबून पाहिलं तर दुमजली, कौलारू, जरासं कललेलं घर. जवळ गेल्यावर मात्र लक्षात येतं की सगळं घर दुमजली नाहीच. दोन्ही टोकांना वर-खाली खोल्या आहेत आणि वरची खोली खालच्या भिंतीच्या पुढे हातभर बाहेर डोकावते. मधला भाग जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत मोकळा. तो दोन्ही टोकांच्या मानाने आत सरलेला, पण छप्पर मात्र सगळ्यावर मिळून एकच. त्यामुळे मधल्या भागासमोर छपराची कड अधांतरी राहते आणि तिला दोन्हीकडून कमानदार लाकडांचा टेकू दिलेला असतो. या धाटणीच्या घराला तिकडे 'वील्डन' घर म्हणतात. केंट आणि ससेक्स या परगण्यांत ती सर्वांत जास्त सापडतात.

आपल्या वाड्यांचं माप आपण खणांत सांगतो. दोनखणी सोपा, पाचखणी माजघर. गंमत म्हणजे तिथले सुतारही घर खणांतच मोजत. त्या हिशेबानं बेलीफ हे चारखणी घर. मधले दोन खण मोठ्या दालनाचे, एक खण खालच्या अंगाचा, एक वरच्या. सगळ्या मिळून सहा खोल्या. एका शेतकऱ्यासाठी हे काही लहान घर नाही. मग त्याच्याकडे इतका पैसा कुठून आला? १३४८-४९ मध्ये इंग्लंडात प्लेगची भयानक साथ आली. गावंच्या गावं ओस पडली. जी माणसं वाचली त्यांच्या मजुरीला भाव आला, जमिनी स्वस्त झाल्या, आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांत केंटमधला मधल्या थरातला शेतकरी चांगलाच सुधारला. त्याने सरदारांच्या घरासारखं, पण आपल्या ऐपतीत बसेल असं घर बांधलं. माणसं मेली म्हणून घरं मोठी झाली, हे ऐकायला बरं वाटत नाही, पण ते तसंच आहे.

घर बांधायची रीत ऐकाल तर आपल्या कोकणातल्या नाहीतर घाटावरच्या जुन्या सुताराला जराही नवल वाटणार नाही. सगळा भार लाकडी चौकटीवर. खांब, तुळया, वासे सगळे ओकचे. एका लाकडाला खाच पाडायची, दुसऱ्याला तिच्यात नेमकं बसेल असं कुसू ठेवायचं आणि आरपार भोक पाडून लाकडी खुंटी ठोकायची. लोखंडी खिळ्यावर घराचा भार नाही. त्यातही कमाल अशी की दोन्ही लाकडांची भोकं मुद्दाम जराशी चुकवून पाडत. खुंटी आत जाताना सांधा आपोआप आवळला जाई. लाकूडही वाळवून ठेवलेलं नसे. झाड तोडलं की ओलं असतानाच कापायचं, कारण वाळलेला ओक दगडासारखा होतो, त्याला हत्यार लागत नाही. मग घर उभं राहिल्यावर लाकूड सावकाश वाळतं, पिळतं, आकसतं आणि सांधे आणखी घट्ट होतात. ही घरं जी थोडी वाकडी दिसतात ना, ती म्हातारपणानं झुकलेली नाहीत. त्यांतली बरीचशी तरुणपणातच वाकडी झालेली असतात! सुतार आधी आपल्या अंगणात चौकट जमिनीवर मांडून पाही, प्रत्येक तुकड्यावर रोमन आकड्यांसारख्या रेघा कोरून खूण करी आणि मग सगळं सोडवून गाडीवर घालून बांधायच्या जागी नेई. म्हणजे ही घरं जन्मतःच सुटी होणारी होती.

आणि भिंती? भिंती पाहून मी जवळजवळ ओरडलेच. "अगं, हा तर कुड आहे!" खांबांच्या मधल्या जागेत ओकच्या उभ्या काठ्या, त्यांत हेझलच्या लवचीक फांद्या विणलेल्या आणि वर माती, गवताची कांडी आणि शेण यांचा गिलावा. आपल्याकडे कारवीचा कुड करून शेणामातीनं लिंपतात, तोच प्रकार. एका ठिकाणी भिंतीचा थोडा भाग मुद्दाम उघडा ठेवला होता. तिथे एक गोरी आजीबाई स्वयंसेविका म्हणून बसल्या होत्या. पाहुण्यांना शेणाचं सांगितलं की लोक नाक मुरडतात, अशी त्यांची तक्रार. मी त्यांना सांगितलं की लहानपणी मी दर शनिवारी सारवलेलं आहे, आणि हाताची बोटं फिरवून सारवणाची नक्षी हवेत काढून दाखवली. त्या इतक्या खूश झाल्या, की पुढचा अर्धा तास आम्हाला सोडायलाच तयार होईनात.

मधल्या दालनात शिरलं की आधी धुराचा वास येतो. चिमणी नाहीच. दालनाच्या मधोमध जमिनीवर चूल, म्हणजे खरं तर शेकोटीच, आणि धूर वर जाऊन छपरातून वाट मिळेल तसा बाहेर. आम्ही गेलो त्या दिवशी ती पेटवलेली होती. मान वर करून पाहिलं तर वासे काजळीनं काळेकुट्ट. अभ्यासक एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर चढून आधी हेच पाहतात म्हणे. आता खाली गालिचे आणि फ्रीज असला तरी आढ्याची लाकडं काजळलेली असतील, तर ते घर कधीकाळी उघड्या चुलीचं होतं हे नक्की. मला मात्र त्या काजळीत डोळे चोळणारी बाई दिसली. चुलीच्या धुरानं खोकणाऱ्या किती जणींना मी दवाखान्यात नेलंय! गॅसची जोडणी २०१६ नंतर आमच्या गावांत बरीच पोचली, तरी सिलिंडर परवडेना म्हणून चूल काही विझलेली नाही.

रात्री निजताना विस्तव राखेखाली झाकायचा ही रीतही तीच. लाकडी घराला आगीची केवढी भीती! इंग्रजीतला 'कर्फ्यू' शब्द त्यातूनच आला आहे. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ 'विस्तव झाका'. आपल्याकडे तो दंगलीच्या बातमीतच भेटतो, पण त्याचा जन्म चुलीपाशी झाला. शब्दांचीच गंमत सांगते. खिडक्यांना तिथे काच नव्हती. काच फार महाग. लाकडाचे उभे गज आणि आतून झडप, बस्स. 'विंडो' हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला आणि त्याचा अर्थ 'वाऱ्याचा डोळा'. आपलं 'गवाक्ष' म्हणजे बैलाचा डोळा. घराला डोळे असतात, हे दोन्हीकडच्या माणसांना सुचलं होतं.

दालनाच्या खालच्या अंगाला समोरासमोर दोन दारं, म्हणजे आरपार वाट. तिच्या पलीकडे दोन कोठीच्या खोल्या. एक पँट्री, ती पावाची. दुसरी बटरी, ती लोण्याची असं मला वाटलं, तर ती निघाली पिंपांची! बिअरसारखं जे पेय त्या काळी घरोघर रोज पीत, त्याची पिंपं तिथे ठेवत आणि ते बनवण्याचं काम बायकांचं. शेतीवर लिहिणाऱ्या फिट्झहर्बर्ट यांचं १५२३ सालचं एक प्रसिद्ध पुस्तक आहे. त्यात शेतकऱ्याच्या बायकोच्या कामांची यादीच दिली आहे. झाडलोट, धारा, वासरं, मुलांना कपडे, दळण, पाव, पेय, लोणी, चीज, डुकरं, कोंबड्या, बाग, सूतकताई, वेळ पडली तर शेतात नवऱ्याला हात, शिवाय बाजारहाट करून पैशांचा हिशेब. कधी कधी इतकी कामं येतील की सुरुवात कुठून करावी ते कळणार नाही, अशी कबुलीही त्यांनी दिली आहे. पाचशे वर्षांपूर्वी एका पुरुषाला हे कळलं होतं, याचं मला बरं वाटलं.

परसात बाग आहे. कांदे, लीक, कोबीचे जुने प्रकार, औषधी पाला. बटाटा नाही, टोमॅटो नाही. ते अमेरिकेतून यायचे होते. आपल्याकडची मिरचीही तिकडचीच, पोर्तुगीजांबरोबर आलेली, म्हणजे त्या काळातलं आपलं कालवणही बिनमिरचीचंच. शेजारी 'विंकहर्स्ट' नावाचं आणखी एक घर आहे, तिथे त्या काळचं स्वयंपाकघर चालवून दाखवतात.

घर केव्हाचं हे ठरवलं कसं, ते मला सर्वांत आवडलं. लाकडानंच सांगितलं. झाडाच्या खोडात दर वर्षी एक वर्तुळ वाढतं. हवामान मानवलं की रुंद, नाही मानवलं की अरुंद. त्या रुंद-अरुंद वर्तुळांची लय एका भागातल्या सगळ्या झाडांत सारखी असते, आणि दोन काळांत ती तशीच्या तशी पुन्हा येत नाही. तुळईतून पेन्सिलीएवढा तुकडा काढून ही लय जुळवली की झाड कधी तोडलं ते कळतं. साल शिल्लक असेल तर नेमकं वर्ष, नसेल तर अंदाज. बेलीफचं मधलं दालन आणि खालची टोकाची बाजू १४०५ ते १४३० च्या दरम्यानची निघाली. वरच्या टोकाच्या खोल्या मात्र १५०५ ते १५१० मधल्या. म्हणजे मधे शंभर वर्षं गेली आणि मग तिथे वर नवी खासगी खोली आली. तिला तर लागूनच संडासही आहे, भिंतीबाहेर लटकता! आपल्या पुण्यातल्या उष्णदेशीय हवामानशास्त्राच्या संस्थेतही सागाच्या वर्तुळांवरून जुन्या पावसाचा अभ्यास झालेला आहे.

एका गोष्टीवर मात्र माझं मन अडलं. हे घर पुन्हा उभारताना ते साधारण १५४० साली जसं दिसत असेल तसं सजवलंय. पण पुढेही तिथे माणसं राहिली की! नंतरच्या काळात त्यात विटांची चिमणी आली होती. ती इथे नाही. दाखवायला एकच काळ निवडावा लागतो, हे मला समजतं. तरीही ज्या बाईनं नवऱ्याच्या मागे लागून ती चिमणी बांधून घेतली असेल, आणि ज्या दिवशी पहिल्यांदा बिनधुराच्या खोलीत भाकरी म्हणा, पाव म्हणा, भाजला असेल, तिचा तो दिवस या घरातून गेला. मला विचारलं असतं तर मी चिमणी ठेवली असती.

आणि आता हे घर इथे आलंच का, ते. बेलीफ मूळचं केंटमधल्या चिडिंगस्टोन गावच्या हद्दीतलं. १९६० च्या दशकात तिथल्या पाणीपुरवठा कंपनीनं बाउ बीच नावाचा जलाशय करायचं ठरवलं आणि हे घर पाण्याच्या वाटेत आलं. विंकहर्स्टही तिथलंच. हे त्या आजीबाईंनी सांगितलं तेव्हा मी लेकीकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. कंपनीनं घर संग्रहालयाला देऊन टाकलं. १९६८-६९ मध्ये ते उतरवलं. प्रत्येक लाकडाला क्रमांक, प्रत्येक सांध्याचं रेखाटन. कुजलेला तेवढाच भाग कापून तिथे नवा ओक सांधला, आणि १९७२ मध्ये घर इथे उभं राहिलं. मूळ जागी आज पाणी आहे.

घरी आल्यावर फोटो सासूबाईंना दाखवले. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून बराच वेळ आढं पाहिलं. मग म्हणाल्या, "नंबर घातलं होतं व्हय? आमच्या दादांनी बी घातलं होतं. गेरूनं."

पंचवीस वर्षांत हे मी कधी ऐकलं नव्हतं. त्या तेव्हा तेरा वर्षांच्या. त्यांच्या वडिलांनी घर उतरवताना प्रत्येक वाशावर गेरूनं खूण केली होती. उजवीकडचा पहिला, दुसरा, तिसरा. डावीकडच्यांना आडवी रेघ. सासूबाई गेरूची वाटी धरून मागे मागे. पावसाच्या आत सगळं हलवायचं होतं. जुनं घर सात खणांचं. नव्या गावठाणात जो प्लॉट मिळाला त्यात कसेबसे चार खण बसत होते. सगळे खांब, दारं, वासे गाड्यांतून आणून नंबराप्रमाणे रचून ठेवले आणि मग कळलं की आढं बसत नाही. सागाचं, अखंड, पणजोबांनी आणलेलं. ते कापलं. "करवतीचा आवाज आला तशी आजी उठून ओढ्यावर गेली," सासूबाई म्हणाल्या. "सांज होईस्तोवर आलीच न्हाई."

"मग त्या उरलेल्या तुकड्याचं काय झालं?" मी विचारलं.

"काय हुनार? चार पाट केलं सुतारानं. एक माझ्या लग्नात दिला की."

तो पाट आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजच्या मागे उभा असतो. गौरी बसवताना काढतो, बाकी वर्षभर त्याच्याकडे कुणी पाहत नाही. दोन-तीनदा तर मीच त्याच्यावर डबे रचलेत. मी तो काढून पुसला. फळीच्या टोकाला लाकडाच्या बारीक रेघा दिसतात. सासूबाईंना वर्तुळांचं सांगितलं, एक रेघ म्हणजे एक पावसाळा. त्यांनी चष्मा लावला, स्वेटरची सुई घेतली आणि खिडकीपाशी बसून एकेक रेघ मोजायला लागल्या. एकेचाळीसपर्यंत आल्या होत्या, तेवढ्यात दारात भाजीवाली आली. उठताना त्यांनी मला सुई तिथेच धरून ठेवायला सांगितली.